'मिटवून टाका' म्हणणाऱ्यांना एकदा हिशोब करायला लावा

अपघात झाला की आपल्याकडे बऱ्याचदा पोलिसांच्या आधी मिटवणारा माणूस पोचतो. तो गाडीवाल्याचा मेहुणा असतो, गावचा माजी सरपंच असतो, कधी कधी जखमीच्याच भावकीतला शहाणा असतो, आणि त्याचं बोलणं ठरलेलं असतं. "जे व्हायचं ते झालं दादा, मुद्दाम कुणी केलंय का, दवाखान्याचं बिल ते भरतायत ना, मग कशाला केस करता, दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या आणि हातात काय येणार?"

मला या बोलण्याचा मनापासून राग येतो. कारण त्यात जखमी माणसाची किंमत दवाखान्याच्या बिलाएवढीच धरलेली असते. बिल म्हणजे नुकसानीचा बहुतेक वेळा सगळ्यात छोटा भाग. खरं नुकसान डिस्चार्ज मिळाल्यावर सुरू होतं, माणूस घरी येतो, भेटायला येणारे हळूहळू कमी होतात आणि मग लक्षात येतं की पूर्वीचं काम आता होत नाही.

आमच्या ओळखीत एक गवंडी आहेत, अपघात झाला तेव्हा वय ३४. काम सुटल्यावर मोटरसायकलवरून घरी येताना राँग साइडने आलेल्या पिकअपने त्यांना उडवलं, उजव्या पायाचं हाड घोट्याजवळ मोडलं, ऑपरेशन करून प्लेट टाकली. पिकअपवाल्याने बिल भरलं, वर चाळीस हजार हातात ठेवले, स्टॅम्पपेपरवर सही घेतली आणि एफआयआर झालाच नाही. काही महिन्यांनी काठी सुटली, एक्स-रे चांगला आला, डॉक्टर म्हणाले हाड जुळलंय, आता चाला. चालता येतंयही. पण परांचीवर चढता येत नाही, कारण शिडीच्या दांड्यावर पुढचा पंजा टेकवून अख्खं वजन त्याच्यावर टाकायचं असतं आणि नेमका तिथेच घोटा वाकत नाही, आणि उकिडवं बसून फरशी लावायला गेलं की पाचेक मिनिटांत उठावं लागतं. ज्या गवंड्याला परांची चढता येत नाही आणि उकिडवं बसता येत नाही त्याला मुकादम गवंडी म्हणून घेत नाही, बिगारी म्हणून घेईल, पण बिगाऱ्यालाही घमेलं घेऊन वर चढायचंच असतं. आज ते एका साइटवर रात्रपाळीचे वॉचमन आहेत, पूर्वीच्या निम्म्या पैशात.

आता मिटवणाऱ्याला विचारा, चाळीस हजार कुठल्या हिशोबाने?

कायद्याचा हिशोब असा चालत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१० च्या ऑक्टोबरमध्ये अगदी सोप्या भाषेत सांगितलंय की अपंगत्वाच्या दाखल्यावर किती टक्के लिहिलंय आणि माणसाची कमाई किती टक्के गेली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, तोच माणूस सरकारी ऑफिसात क्लार्क असेल तर त्याची नोकरी चालू राहू शकते. म्हणजे ट्रिब्युनलने (अपघाताचे भरपाईचे क्लेम ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने) बघायचं ते त्या माणसाचं काम काय होतं, अपघातानंतर त्यातलं काय काय जमतंय, आणि दुसरं काही करून तो पोट भरू शकतो का. यासोबत उपचाराचा खर्च, अंथरुणावर गेलेल्या महिन्यांची बुडालेली मजुरी, पुढे प्लेट काढायला लागणारा खर्च, भोगलेलं दुखणं, आणि आयुष्यातलं जे जे आता करता येणार नाही ते, हे सगळं वेगवेगळं मोजायचं.

गवंड्याचा हिशोब मांडून बघू. दिवसाला ८०० रुपये, महिन्याला २५ दिवस काम, म्हणजे महिन्याचे २०,००० आणि वर्षाचे २,४०,०००. वय चाळीसच्या आत आणि स्वतःच्या हातावर कमावणारा, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईसाठी त्यात ४० टक्के मिळवायचे, हे सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालापासून ठरलंय आणि जखमींच्या केसमध्येही लागू होतं. झाले ३,३६,०००. आता समजा अपंगत्वाच्या दाखल्यावर २० टक्के लिहिलंय म्हणून तेवढेच धरले तर वर्षाचं नुकसान ६७,२००, पण कमाई खरोखर निम्मी झाली हे ट्रिब्युनलला पटवून दिलं तर १,६८,०००. वय ३१ ते ३५ असलं की गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो आकडा, १६, तो सुप्रीम कोर्टाच्याच सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातला, २००९ चा. पहिल्या हिशोबाने १०,७५,२०० आणि दुसऱ्या हिशोबाने २६,८८,०००, आणि हे फक्त कमाईचं, बाकीचे खर्च वरून. मजुरीचा लेखी पुरावा नसेल तर ट्रिब्युनल ८०० च्या जागी कमी आकडा धरेल, तेही होतंच, पण कितीही कापाकापी केली तरी चाळीस हजार येत नाहीत.

बरं, कुणाची चूक हे सिद्ध करायची कटकटच नको असेल तरी एक रस्ता आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १६४, १ एप्रिल २०२२ पासून लागू. अपघातात मृत्यू झाला तर पाच लाख, गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख, चूक कुणाची हे दाखवायची गरज नाही, आणि हाड मोडणं हे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. फक्त हे पैसे घेतले की समोरच्याची चूक दाखवून केलेला मोठा क्लेम संपतो, त्यामुळे कुठला रस्ता धरायचा हे आधी नीट विचारून घ्यावं. पण सगळ्यात कमीत कमी, काहीही भांडण न करता, त्या गवंड्याला अडीच लाख मागता येत होते.

आणि हे पैसे पिकअपवाल्याच्या घरातून जाणार नव्हते. लोकांच्या मनात हे इतकं घट्ट बसलंय की क्लेम केला म्हणजे समोरच्या गरीब ड्रायव्हरचा संसार उघड्यावर आणला. थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा, सक्तीचा आहे तो याचसाठी, प्रत्येक गाडीवाला दरवर्षी हप्ता भरतो तो याच दिवसासाठी, आणि ड्रायव्हरकडे लायसन नव्हतं तरीही बहुतेक वेळा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे असं कोर्टांनी वारंवार सांगितलंय. मिटवणारा माणूस वाचवतो ते गाडीवाल्याचे पोलीस स्टेशनचे हेलपाटे. त्याची किंमत जखमीने का द्यायची?

भरपाई कधी मागता येते याबद्दल इतके गैरसमज आहेत की एकेक ऐकून थक्क व्हायला होतं. मूळ गोष्ट एवढीच आहे की दुसऱ्या कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे इजा झाली पाहिजे आणि त्या इजेमुळे नुकसान झालं पाहिजे. स्वतःच घसरून पडलात, दुसरी गाडीच नव्हती, तर थर्ड पार्टीतून काही मिळत नाही, तिथे पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखांचं पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर असेल तर ते बघायचं, पण ते मृत्यू आणि कायमच्या मोठ्या अपंगत्वासाठी असतं. हेल्मेट नव्हतं म्हणून क्लेम बुडाला असं सरसकट सांगतात, ते चूक आहे. जखमीची थोडी चूक असली तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कमी होते, हक्क जात नाही. मोटरसायकलवर तिघे बसले होते एवढ्यावरून रक्कम कापता येणार नाही, त्या तिघे बसण्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागेल, हेही सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय. घरी स्वयंपाकपाणी करणाऱ्या बाईला 'कमाई नाही' म्हणून काही मिळत नाही, हा तर सगळ्यात वाईट गैरसमज. तिच्या कामाला पैशात मोल आहे आणि ते धरूनच हिशोब करायचा हे कोर्ट कितीतरी वर्षं सांगतंय. क्लेम अपघात झाला त्याच जिल्ह्यात करावा लागतो हेही खरं नाही, माळशिरसच्या माणसाला पुण्यात ठोकलं तर तो आपल्या घराकडच्या ट्रिब्युनलमध्ये अर्ज करू शकतो.

लोकलमधून पडलेल्यांचा कायदा वेगळा आहे. तिथे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही, चालत्या गाडीतून चुकून पडणं पुरेसं आहे, मृत्यूला आठ लाख आणि इजांचा वेगळा तक्ता. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं पडली तेव्हा "दारात कशाला लटकायचं" म्हणणारे खूप निघाले, पण चढता-उतरताना किंवा गर्दीत पडणं म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलेली इजा नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या रीना देवी निकालात स्पष्ट केलंय, आणि जखमीजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्याने तो विनातिकीट ठरत नाही हेही. रूळ ओलांडताना लागलं तर मात्र हा कायदा लागू होत नाही. मुदत एक वर्ष.

मुदतीचा विषय निघालाय तर तिथे थांबतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय तिथेच आहे. रस्ता अपघाताचा क्लेम सहा महिन्यांत करायचा, असं २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात घातलं आणि १ एप्रिल २०२२ पासून ते लागू झालं. १९८८ च्या मूळ कायद्यातही सहा महिनेच होते, वरून उशीर माफ करायची थोडी सोय होती, पण लोकांचे हाल बघून १९९४ मध्ये संसदेने मुदतच काढून टाकली. म्हणजे एकदा चूक दुरुस्त केली, पंचवीस वर्षांनी तीच परत घातली. सहा महिन्यांत जखमी माणूस कुठे असतो ते बघा ना. दोन ऑपरेशनं, मग फिजिओथेरपी, मधे जखमेत इन्फेक्शन झालं तर परत अॅडमिट, घरातला दुसरा कमावता माणूस त्याच्यासोबत अडकलेला, आणि अपंगत्वाचा दाखला तर जखम पूर्ण स्थिर झाल्याशिवाय डॉक्टर देत नाहीत, द्यायलाही नको. ज्या कागदावर अख्खा क्लेम उभा राहतो तो कागद मिळायच्या आधीच मुदत संपत येते. अर्ज आधी करून दाखला नंतर जोडता येतो, पण हे प्लॅस्टरमध्ये पडलेल्या मजुराला कोण सांगणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या कलमाविरुद्धच्या याचिकांवर अंतरिम आदेश दिलाय की सहा महिने उलटले एवढ्याच कारणावरून कुठल्याही ट्रिब्युनलने क्लेम फेटाळायचा नाही. चांगलं झालं. पण अंतरिम आदेश हा अंतरिमच असतो, आणि मुदत गेली म्हणून घरीच बसलेल्या लोकांपर्यंत तो पोचतही नाही. कलमच जायला पाहिजे.

मुदत हवी म्हणणाऱ्यांचा मुद्दा माहीत आहे, खोटे क्लेम. आणि खोटे क्लेम होतात, हे मी नाकारत नाही. दुसऱ्याच गाडीचा नंबर घुसवणं, घरात पडून मोडलेला पाय रस्त्यावर मोडला म्हणून दाखवणं, हॉस्पिटलच्या बाहेर एजंट टपून बसणं, हे प्रकार कोर्टांनीही पकडलेत आणि असं करणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण जरा विचार करा, खोटा क्लेम करणारा उशीर करेल का? त्याचे कागद पहिल्या आठवड्यात तयार असतात, वकील ठरलेला असतो, साक्षीदार ठरलेला असतो. उशीर होतो तो खऱ्या जखमीला. मुदतीची कात्री बरोबर चुकीच्या माणसावर चालते.

खोट्यांना आळा घालायचा खरा उपाय कायद्यात आधीच लिहिलेला आहे आणि तोच नीट पाळला जात नाही, हे बघून चीड येते. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत ट्रिब्युनलला पाठवायचा, सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा, गाडीचे आणि इन्शुरन्सचे कागद स्वतः तपासायचे, आणि ट्रिब्युनलने तो अहवालच क्लेमचा अर्ज समजायचा. म्हणजे जखमीने वेगळं काही करायची गरजच पडू नये, अशी कल्पना आहे! शिवाय अपघातानंतर दहा दिवसांत तपास अधिकाऱ्याने जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना त्यांचे हक्क सांगणारा एक फॉर्म द्यायचा असतो, फॉर्म नंबर २. मी ओळखीतल्या ज्या ज्या अपघातग्रस्तांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही तो मिळालेला नाही, अनेकांनी तर असं काही असतं हेच पहिल्यांदा ऐकलं. पोलिसांवर कामाचा बोजा आहे, एकेका हवालदाराकडे किती गुन्हे असतात हे दिसतं, पण मग त्यासाठी माणसं द्या, जखमीचा हक्क का कापता?

न सांगण्याचा परिणाम बघायचा असेल तर हिट अँड रनचे आकडे बघा. ठोकून पळून गेलेली गाडी सापडली नाही तरी सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे जे आकडे आले त्यात २०२२ या एका वर्षात देशात हिट अँड रनचे ६७,३८७ अपघात होते आणि २०२२-२३ मध्ये या योजनेखाली आलेले अर्ज होते २०५. कोर्टाने तेव्हा सांगितलं की अशा केसमध्ये पोलिसांनीच जखमीला योजनेची माहिती द्यावी. दुप्पट चौपट सोडा, शंभरपट अर्ज आले असते तरी तो आकडा एकूण अपघातांच्या एक तृतीयांशाच्या आसपासच गेला असता. आणि आपण म्हणतो लोक भरपाईला सोकावलेत.

गाडीने नाही तर रस्त्यानेच पाडलं तर काय, हा प्रश्न महाराष्ट्रात दर पावसाळ्यात येतो. याबाबत आपले कायदे फार काळ नगरपालिकांच्या बाजूने झुकलेले होते. राजकोटमध्ये १९७५ साली रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक माणूस गेला, खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९९७ मध्ये निकाल लागला की महापालिका जबाबदार नाही. तिथून इथपर्यंत यायला बराच वेळ लागला. मुंबई हायकोर्टाने खड्ड्यांचा विषय २०१३ मध्ये स्वतःहून हातात घेतला होता, त्याच प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२५ ला आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर सहा लाख आणि जखमीला इजेप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख, ठरवायला महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची कमिटी, आणि पैसे शेवटी दोषी कंत्राटदार आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं कोर्टाने म्हटलं. मला यातला वसुलीचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आजपर्यंत आपल्याकडची पद्धत म्हणजे मोठी दुर्घटना झाली की मुख्यमंत्री मदत जाहीर करणार, घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग पडून १७ माणसं गेली तेव्हाही मृतांच्या घरच्यांना पाच-पाच लाख जाहीर झाले. मदत द्यावीच, लगेच द्यावी, पण मदत सरकारच्या मर्जीवर मिळते आणि ती तिजोरीतून म्हणजे तुमच्या आमच्या पैशातून जाते, ज्याने पाया नीट घातला नाही किंवा परवानगी दिली त्याच्या खिशाला तिची झळ लागत नाही. नुकसानभरपाई ज्याची चूक त्याच्याकडून मागायची असते. एकट्यादुकट्या खड्ड्यात पडून ज्याचा खांदा निखळतो त्याच्यासाठी कुणी मुख्यमंत्री येत नाही, त्याच्यासाठी हा आदेश आहे, आणि तो वापरायचा तर पडलेल्या जागेचा फोटो, हॉस्पिटलची एमएलसी नोंद (अपघाताची केस म्हणून पोलिसांसाठी होणारी नोंद) आणि पोलीस स्टेशनला दिलेली तक्रार एवढं पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हायला पाहिजे.

"कोर्टात दहा वर्षं जातात" याचंही बघू. वेळ लागतो, खरंय. पण बऱ्याच केस लोकअदालतीत तडजोडीने सुटतात, आणि रक्कम मंजूर होते तेव्हा साधारणपणे अर्ज केल्या दिवसापासूनचं व्याज धरून होते. वकिलाची भीती असेल तर महिला, दिव्यांग, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेले कुणीही, यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, प्रत्येक जिल्हा कोर्टात त्याचं ऑफिस आहे. तडजोडही वाईट नाही, फक्त ती आकडा माहीत झाल्यावर, इन्शुरन्स कंपनीसोबत, ट्रिब्युनलसमोर व्हावी. आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर नको, जिथे बायकोला पुढच्या इंजेक्शनचे पैसे कुठून आणायचे हेच कळत नसतं आणि समोर चाळीस हजार मोजलेले असतात. त्या क्षणी माणूस सही करतोच, त्याला दोष नाही. म्हणून तर मे २०२५ पासूनची दीड लाखांपर्यंत सात दिवस कॅशलेस उपचाराची योजना महत्त्वाची आहे, उपचाराची टांगती तलवार डोक्यावर नसली तर सहीची घाई होत नाही.

महाराष्ट्र सरकारने एवढंच करावं, आणि याला नवीन कायदा लागत नाही. सगळ्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आणि हायवेलगतच्या ग्रामीण रुग्णालयांच्या अपघात विभागात विधी सेवा प्राधिकरणाचा एक स्वयंसेवक बसवावा, फॉर्म नंबर २ सोप्या मराठीत छापून एमएलसीची नोंद होते त्याच टेबलावर द्यावा, आणि कुठल्या पोलीस स्टेशनने किती अपघातांचे अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला पाठवले हे दर महिन्याला जाहीर करावं. तोपर्यंत ज्यांच्या घरात आज कुणी जखमी आहे त्यांनी तपास अधिकाऱ्याकडे फॉर्म नंबर २ आणि अपघात अहवालाची प्रत लेखी अर्ज करून मागावी, अर्जावर पोचेचा शिक्का घ्यावा, औषधांच्या बिलांसोबत मुकादमाकडून मजुरीचं एक पत्र लिहून घ्यावं, आणि मिटवायला आलेल्याला सांगावं की बोलू, आधी एफआयआर होऊ दे.